खांबापासून दीडशे पावलं

संत तुकाराम नगरला सकाळची सव्वासहाची बस रोज दोन मिनिटं अडकायची. पुढच्या थांब्यांवरचे कामगार कंपनीत उशिरा पोचायचे आणि शिव्या ड्रायव्हरला बसायच्या.

"बाया थांब्याच्या खांबापाशी थांबतच नाहीत. दीडशे पावलं पुढं, गॅरेजपाशी उभ्या राहतात आणि बस दिसली की पळत मागं येतात," ड्रायव्हरने तक्रार केली. साल सत्याहत्तर. बस खात्याने कारण शोधायला तपासनीस कोंडीरामला धाडलं. राजगुरुनगरकडचा हा माणूस स्वभावानेच चौकस.

पहिल्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. चांदभाई मेकॅनिकच्या गॅरेजपाशी चार बाया होत्या आणि चौघींच्या काखेत मुलं. बस आली म्हणून तो खांबाकडे वळला; मागून बाया धावत येऊन चढल्या. कोंडीरामने आत जाऊन तिकिटं तपासली. चौघीही बसमध्ये होत्या, पण मूल एकीजवळही नव्हतं.

पोरं गेली कुठं? दिवसभर त्याला दुसरं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी तो थेट गॅरेजपाशी जाऊन उभा राहिला. गॅरेजला लागूनच चांदभाईचं घर होतं आणि उंबऱ्यावर त्याची बायको कनीज बसली होती. शेजारी दगडावर एक तरुण बाई पदराआड बाळाला पाजत होती. बाईचं नाव सरूबाई, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला.

"आली!" कनीज ओरडली.

लांब वळणावर बसचा लाल ठिपका दिसला. चौघींनी मुलं पटापट कनीजच्या हवाली केली. सरूबाईचं बाळ रडायला लागलं, तशी ती मागे न बघता खांबाकडे पळत सुटली.

कोंडीरामही तिच्यामागून बसमध्ये चढला. "ताई, लेकरू आधीच भाभींकडं देऊन खांबापाशी का नाही थांबत? धावपळ तरी वाचेल."

सरूबाईला अजून धाप लागली होती. "भाऊ, बस कधी वेळेवर येती, कधी वीस मिनिटं उशिरा. ती वीस मिनिटं मी नुसती खांबाला टेकून घालवू? पार चार वाजेस्तोवर मला लेकरू दिसत न्हाई."

"मग लेकरू घेऊनच खांबापाशी थांबा."

"तिथनं बस दिसतीय कुठं? गोदामाची भिंत आडवी येती. बस पुढ्यात आल्यावर लेकरू कनीजभाभीला द्यायला कवा पळायचं?"

कोंडीराम पुढच्या थांब्यावर उतरला आणि चालत खांबापाशी परत आला. समोर खरंच गोदामाची भिंत होती. पुन्हा गॅरेजच्या दगडावर येऊन बसला तर पार वळणापर्यंतचा रस्ता दिसत होता. त्याने घड्याळ लावून पाहिलं. वळणावर दिसलेली बस अर्ध्या मिनिटात खांबापाशी पोचत होती; मुलं सोपवून दीडशे पावलं धावायला बायांना अडीच मिनिटं लागत होती.

त्याने हे सगळं लिहून वरिष्ठांना, जयसिंगरावांना, दिलं.

जयसिंगराव म्हणाले, "खांब नकाशा बघून रोवलाय. हलवायचा तर पाच सह्या लागतील, वर्ष जाईल."

"एकदा सकाळी बघायला या, साहेब."

"मुलं बघायला?"

"रस्ता बघायला."

ते आले, पण कपाळाला आठ्या घालूनच. कनीजने चहा पुढे केला, तो घेऊन ते दगडावर बसले. बस दिसली, कनीज ओरडली, मुलं इकडून तिकडे गेली. धावताना सरूबाईची चप्पल तुटली. तिने ती तिथेच टाकली आणि अनवाणीच बस गाठली. जयसिंगराव बराच वेळ त्या चपलेकडे बघत होते.

"खांब राहू दे तिथंच," ते शेवटी म्हणाले. "इथं हात दाखवला की बस थांबेल, असा विनंती थांबा करू. त्याला माझी एकट्याची सही पुरते."

पाटी लागली त्या सोमवारी कोंडीराम मुद्दाम गेला. बस गॅरेजपाशी थांबली. बायांनी मुलं दिली आणि चालत चढल्या. अर्ध्या मिनिटात बस हलली. सरूबाईने खिडकीतून हात हलवला. कनीजने बाळाचा हात धरून तिच्याकडे हलवला. बाळ रडतच होतं.

दुपारी कोंडीराम जयसिंगरावांच्या टेबलापाशी उभा राहिला.

"साहेब, भोसरीच्या वाटेवर एक खांब आहे. तिथंही कुणी उभं राहत नाही म्हणे."

"का?"

"ते अजून माहीत नाही. उद्या जाऊ का?"

जयसिंगरावांनी समोरची फाईल मिटली. "किती वाजता निघतोस? मीही येतो."