लूडोल्फनी उघडलेला मासा

माझे यजमान, लूडोल्फ हार्मेनिंग, नगराचे वैद्य होते. पण त्यांचा जीव अडकलेला प्राण्यांच्या हाडांत. माझ्या पातेल्यात कधी सशाचं डोकं उकळायचं, कधी बगळ्याचे पाय. मी कुरकुरायचे आणि हाडंही निवडून द्यायचे.

ईस्टरआधीच्या उपवासात भरतीबरोबर एक समुद्रडुक्कर, डॉल्फिनसारखं जनावर, नदीत शिरलं आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडलं. उपवासाला मांस चालत नाही, मासा चालतो, आणि समुद्रडुक्कर सगळे मासाच धरायचे. बाजारात झुंबड उडाली.

"आधी मला पोट उघडू द्या," लूडोल्फ म्हणाले.

"उघडा की! तेवढेच आमचे कष्ट वाचले," कोळ्यांचा म्होरक्या ट्योनीस हसला.

त्यांनी सुरी चालवली. आत गाईसारखी फुप्फुसं होती. गर्भाशयात पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. त्याची नाळ त्यांनी माझ्या हातात दिली आणि मोठ्यानं म्हणाले, "हिला दूध येतं. ही मासा नाही."

ट्योनीसचं हसू मावळलं. "डॉक्टर, तोंड आवरा! मग हे उपवासाला खाणार कोण?"

"ते पाद्रीबुवांना विचार. आत काय आहे, ते मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी नगरसभेनं बजावलं: चूक झाली म्हणा, नाहीतर पद सोडा.

"अहो, एक वाक्य तर आहे. टाका म्हणून," मी म्हटलं.

"वोबेके, तुझ्या हातात काय होतं?"

माझी तीन बाळंतपणं झालेली. "नाळ," मी म्हटलं.

"मग मी काय म्हणू?"

पद गेलं, पदाबरोबर मिळालेलं घरही गेलं. निघायच्या आधी त्यांनी त्या जनावराचा टाकून दिलेला सांगाडा आणून उकळला. पोहायच्या वल्ह्यासारख्या परामधून हाडं सुटी झाली, तर आत पाच बोटं! त्यांनी आपला पंजा शेजारी ठेवला. मीही माझा ठेवून बोटं मोजली.

दूरच्या शहरात सुरुवातीला त्यांना कुणी उभं केलं नाही. त्यांनी भाड्याच्या तबेल्यात सांगाडा टांगला आणि येईल त्याला शिकवू लागले. आधी दोन खाटीक आले, मग एक सुईण, हळूहळू विद्यापीठातली मुलं. शेवटी विद्यापीठानंच बोलावलं. आमच्या जुन्या गावात मात्र उपवासाला समुद्रडुक्कर अजून खातात.

म्हातारपणी त्यांची नजर गेली. हाडं बोटांनी चाचपत ते सांगायचे, मी चित्रं काढायचे.

"रेघ थरथरतेय माझी," मी एकदा म्हटलं.

"पुसून परत काढ. आणि बेडूक झाकून ठेव गं, उद्या त्याचा नंबर."