रोज रिकामा येणारा डबा

मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. अकोल्याच्या बाजारात सुभद्राबाईंनी मला निवडलं आणि झाकणावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. बडनेऱ्याजवळ त्यांचं भाजीपाल्याचं वावर आहे. तिथे त्यांच्या नवऱ्यासाठी, भगवंतरावांसाठी, मी कितीतरी वर्षं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी नेली. मला उघडताना ते म्हणायचे, "सकाळपासून याचीच वाट पायतो मी."

पुढे त्यांची लेक आचल अमरावतीला कॉलेजात जाऊ लागली आणि मी तिच्या पिशवीत आलो. ती पोटभर जेवायची, मैत्रिणींनाही द्यायची.

मग एका लग्नात कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, "आचल, लय सुटली वं तू!" सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून माझ्यातली भाकर बसस्टँडमागच्या कुत्र्यांना मिळू लागली.

मित्रांनो, मी रोज रिकामा घरी जायचो. सुभद्राबाई खूश व्हायच्या. "पोरगी चांगली जेवून राहिली," म्हणत त्या दुसऱ्या दिवशी एक भाकर जास्त ठेवायच्या. शेजारच्या लीलाबाई तर कौतुक करायच्या, "आता कशी बारीक, सुंदर दिसते!" त्या कौतुकाने आचलची भूक आणखी मागे ढकलली. तिचे केस गळू लागले. पाळी थांबली. भर उन्हात ती स्वेटर घालून बसायची.

तिच्या मैत्रिणीने, रूपालीने, एकदा मला कुत्र्यांपुढे उपडं होताना पाहिलं. आचलने तिचा हात धरला. "कोणाले सांगू नोको. तुले माही शपथ हाये."

रूपालीने शपथ पाळली.

दिवाळीनंतर आचल नळावर पाणी भरताना कोसळली. डॉक्टर म्हणाले, "हा हट्ट किंवा नखरा नाही, आजार आहे. उपासमारीने हृदय फार कमजोर झालंय. लवकर आणायला हवं होतं."

सुभद्राबाईंनी मला छातीशी धरलं. "पण डबा तं रोज रिकामा येत होता जी, डॉक्टरसाहेब!"

मला वाचा असती तर!

आता आचल तिसऱ्यांदा दवाखान्यात आहे. मी मुगाचं पातळ वरण घेऊन जातो. काल सुभद्राबाईंनी चमचा पुढे केला, तेव्हा ती रडली. "आई, मले भूक लागते वं. पण घास पायला की भेव वाटते." वरण तसंच थंड झालं. डॉक्टर आता भरवसा देत नाहीत. भगवंतराव बाहेरच्या बाकावर बसून असतात.

रूपाली दवाखान्याच्या पायरीपर्यंत येते आणि परत जाते.

मित्रांनो, कुणाच्या अंगावरून हसू नका. आणि तुमच्या मैत्रिणीने कधी अशी शपथ घातली, तर ती मोडा. ती रागावेल, कदाचित बोलणार नाही. तरी मोडा.