मागचं टायर

नेसरीच्या अमरेशची जुनी फियाट तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजात आली, तेव्हा माझं डोकंच उठलं. आधी त्यानं रुंद टायर घातली. मग गाडी बसकी दिसावी म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतलं एकेक पान काढून घेतलं. आता मागचं टायर मडगार्डला घासत होतं.

"रिकामी असली की घासत न्हाय," तो म्हणाला. "अप्पा मागं बसलं की घासतंय. मडगार्ड ठोकून वर घ्या की."

"लेका, काढलेली पानं परत बसव, जुनी टायर घाल. किती येळा सांगू?"

"मग म्हाताऱ्याची गाडी दिसतीय."

त्याचे वडील, अप्पा, मागच्या सीटवरच बसले होते. अठ्ठ्याहत्तर साली ही गाडी त्यांनीच घेतलेली. गुडघ्यांवर हात टेकत ते त्या बसक्या गाडीतून कसेबसे बाहेर आले आणि पिशवी काखेत मारून म्हणाले, "भांडू नका. मी एस्टीनं जातो."

मी तोंड उघडायच्या आत अमरेशनं गाडी चालू केली, गॅरेजसमोर एक चक्कर मारली आणि काच खाली करून खुशीत ओरडला, "मिस्त्री, आता घासत न्हाय बघा!"