थेंब फसफसला नाही

हळदीकुंकवाच्या दिवशी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी हातून करंडा कलंडला, आणि सांडलेलं कुंकू काही निघेना. कुंदाकाकूंनी ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं, शेवटी नखाने खरवडलं. डाग फरशीत मुरला तो मुरलाच. तेव्हा कुठे सगळ्या बायकांनी खाली नीट पाहिलं. दोन वर्षांपूर्वी ज्या पांढऱ्या फरशीत दिव्यांची प्रतिबिंबं दिसत, ती खडूसारखी निस्तेज झाली होती.

"अगंबाई, हे काहून असं झालं?" कुंदाकाकू म्हणाल्या.

मंडळाचे चिटणीस श्रीरंगकाका दारातच उभे होते. "काहून म्हणजे? दगड खोटा निघाला. ती मोरी पाहा न! चिनी मातीच्या टाइल्स आहेत तिथे. आहे का काही फरक? मी तेव्हाच म्हणत होतो, सगळीकडे टाइल्सच लावा. पण तुम्हाला भेडाघाटचा संगमरवर पाहिजे होता. बोलवा त्या नथ्थू कारागिराला!"

विनताने हातातलं तिळगुळाचं ताट खाली ठेवलं आणि फरशीवरून बोट फिरवून पाहिलं.

विनता बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची, लष्करी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. घमापूर वस्तीतल्या मराठी बायकांना तिचं भारी कौतुक. पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली, कारखान्यात रात्रंदिवस पाळ्या लागल्या आणि मंडळाच्या हॉलमध्ये बायका जखमी जवानांसाठी पट्ट्या कापून गुंडाळू लागल्या. कापड जमिनीवर पसरायचं, म्हणून फरशी स्वच्छ हवी. पण तिच्यावर चहाचे, तेलाचे, पानाचे डाग. कुंदाकाकूंनी विचारलं, "विनता, तू सायन्सवाली. काय टाकू पाण्यात?"

विनताने उगीच उत्तर दिलं नव्हतं. आधी परीक्षा केली होती. संगमरवरावर आम्लाचा, म्हणजे तेजाबाचा, थेंब टाकला की फसफसतो, दगड विरघळतो, हे तिला तोंडपाठ होतं. म्हणून तिने सौम्य आम्लाचा एक थेंब कोपऱ्यातल्या फरशीवर टाकला आणि पाच मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. थेंब जसाच्या तसा. एक बुडबुडा नाही. "काकू, या दगडाला काही होत नाही," ती म्हणाली. "बादलीत अर्धा कप तेजाब टाका बिनधास्त. जंतूही मरतील." लढाई संपली, पण लष्करी इस्पितळासाठी पट्ट्यांचं काम सुरूच राहिलं. चार महिने कुंदाकाकू रोज तेजाबाच्या पाण्याने फरशी पुसत राहिल्या.

हळदीकुंकवाहून घरी आल्यावर विनताने माळ्यावरचं खनिजांचं पुस्तक काढलं. डोलोमाइट. संगमरवराचाच भाऊ, पण त्यात मॅग्नेशियम. थंड, सौम्य आम्लाने तो सहसा फसफसत नाही. पूड केली तरच फसफसतो. खाली पेन्सिलीने ओढलेली रेघ तिचीच होती. परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि परीक्षेबरोबर सोडून दिलं होतं. फसफसत नाही म्हणजे विरघळत नाही, असं नव्हे. सावकाश विरघळतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाण्याआधी ती हॉलमध्ये गेली, खिळ्याने फरशी खरवडली आणि त्या चिमूटभर पुडीवर थेंब सोडला. पांढरा फेस आला. तिने तो चटकन रुमालाने पुसून टाकला, जणू कुणी पाहत होतं.

रविवारी नथ्थू आला. साठीच्या पुढचा, भेडाघाटच्या दगडात हयात घालवलेला कारागीर. एकेक फरशी त्याने स्वतः निवडून आणली होती, आठवडाभर हाताने घोटली होती. हॉलमध्ये पाचसात माणसं जमली होती. विनताही होती.

"क्यों नथ्थू," श्रीरंगकाका म्हणाले, "यही है तुम्हारा संगमरमर?"

नथ्थू गुडघ्यांवर बसला. फरशीवरून तळहात फिरवला, थोडं पाणी शिंपडून पाहिलं. पाणी क्षणात शोषलं गेलं. सबब सांगेल, भांडेल, असं विनताला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं. तो भांडला असता, तर तिलाही तोंड उघडणं सोपं गेलं असतं.

"बाबूजी, मैंने तो अच्छा समझ के ही लिया था," तो हळूच म्हणाला. "अब नजर ही धोखा दे गई, तो क्या कहूँ."

"म्हणजे कबूल!" श्रीरंगकाका इतरांकडे वळून म्हणाले. "वरच्या नव्या खोलीचं काम याला द्यायचं होतं न, तिथे आता टाइल्स."

विनताने तोंड उघडलं आणि मिटलं. समोर कुंदाकाकू होत्या, शेजारी तिचे वडील होते. 'आमची विनता' म्हणणारे ते चेहरे पाहून ती दोन पावलं मागे सरकली. नथ्थू पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतरचे आठ दिवस तिचं प्रयोगशाळेत लक्ष लागेना. तेच माप तीनदा घ्यायची, तरी खात्री वाटेना. पुढच्या रविवारी सायकल काढून ती नथ्थूच्या घरी गेली. अंगणात तो दगडाच्या दोन तुकड्यांपुढे बसला होता.

"नर्मदा," त्याने सुनेला हाक मारली, "जरा देख तो, इनमें से साफ कौन सा है?"

"अब मुझसे पूछोगे, दद्दा?" सून हसत म्हणाली. मग विनताकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "आठ दिन से यही चल रहा है, दीदी. हर पत्थर हमसे पूछते हैं."

विनताला खाट दिली होती, पण ती खाली मातीतच बसली. तिने सगळं सांगितलं. थेंब, तेजाब, पुस्तक, रुमालाने पुसलेला फेस. काही लपवलं नाही.

ती थांबल्यावर नथ्थूने एकच विचारलं, "कब से मालूम था?"

"बारा दिन से."

"तो उस दिन तुम खड़ी थीं वहाँ, और मालूम था."

"हाँ."

"इन आठ दिन में मैंने दो काम लौटा दिए, बिटिया." आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "चलो. जहाँ चुप रहीं, वहीं बोलो."

हॉलमध्ये पुन्हा तीच माणसं जमली. श्रीरंगकाकांनी तिचं बोलणं ऐकून चक्क हसून घेतलं. "विनता, तू म्हाताऱ्याला वाचवून राहिलीस. तूच नाही का थेंब टाकून दाखवला होता?"

"माझं चुकलं होतं, काका."

"अच्छा! सायन्सवाल्यांचं चुकतं?"

ती चुकीचं सांगत होती तेव्हा सगळ्यांनी डोळे झाकून ऐकलं होतं, आणि खरं सांगत होती तर कुणी मानेना. तिने पिशवीतून खिळा आणि बाटली काढली, फरशी खरवडली, पुडीवर थेंब टाकला. फेस आला. या वेळी तिने तो पुसला नाही. सगळे वाकून पाहत राहिले. नथ्थूही.

"म्हणजे रोज पुसून पुसून मीच..." कुंदाकाकू फरशीवरून हात फिरवत म्हणाल्या.

"तुम्ही नाही, काकू. मी सांगितलं म्हणून."

वडील भिंतीवरच्या पट्ट्यांच्या हिशेबाच्या तक्त्याकडे पाहत राहिले.

श्रीरंगकाकांनी घसा खाकरला. "नथ्थू, ये घिसाई से ठीक होगा?"

"होगा. फिर सिर्फ सादा पानी लगाना और सूखा पोंछना. नींबू, इमली, तेजाब, कुछ नहीं." तो उठला. "लेकिन अभी नहीं. पहले मुझे दो जगह जाना है. ये भी चलेगी."

पहिल्या घरचं काम अजून तसंच पडलं होतं. विनताने दारातच आपली चूक सांगितली, आणि ते काम नथ्थूला परत मिळालं. दुसरं घर अधारताल भागात होतं. तिथे ओसरीवर टाइल्सच्या पेट्या रचलेल्या होत्या.

"आता काय उपयोग, बाई?" मालक श्रीकांतराव म्हणाले. "तोच म्हणाला होता, नजर गेली. मी माल घेऊन टाकला न."

विनताने मान खाली घातली. या पेट्या काही कबुलीने परत जाणार नव्हत्या.

नथ्थू मात्र ओसरीवर चढला. वरच्या पेटीतली एक टाइल काढून त्याने उन्हात तिरकी धरली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरी. तिसरी त्याने बाजूला ठेवली.

"ये टेढ़ी है," तो श्रीकांतरावांना म्हणाला. "बीच में मत लगवाना, कोने में खपा देना. बाकी माल ठीक है."

कुणाला काही न विचारता तो पेटीतल्या पुढच्या टाइल्स एकेक करून पाहू लागला. विनता सायकल धरून उन्हात उभी राहिली. सावलीत या, असं श्रीकांतराव दोनदा म्हणाले, पण तिला जाववेना.