कमानी ओढणारे सर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे हे मला कोणी सांगायला नको. प्रफुल्ल सर ते रोज सांगत. तारापूरच्या एका कारखान्याने मला मोडीत काढले आणि मी बोईसरला सरांच्या संगीतवर्गात येऊन पडलो. त्यांनी माझा उपयोग काय केला? माझ्यावर चहाचा पेला ठेवला. ज्याला यंत्र आणि पाट यांतला फरक कळत नाही, तो मुलांना सूर आणि बेसूर यांतला फरक शिकवत होता!

तिथेच शिकवणाऱ्या रुचिताने मला मागून घेतले. तिची हंसा मावशी मुरबे गावची, लग्नात हळदीची गाणी म्हणणारी. ती गाणी बँडला वाजवता यावीत म्हणून रुचिता ती पाश्चात्य नोटेशनमध्ये लिहीत होती. एका श्वासात ओढलेल्या सुरांवर त्यात कमान काढतात. तिला स्लर म्हणतात. मावशी एकेक अक्षर सात-सात सुरांवर ओढायची, आणि सॉफ्टवेअरची कमान थेट शब्दांच्या आरपार जायची.

सर आपल्या नव्या संगणकावर एकेक कमान माउसने ओढून वर करत. आठवडाभरात दोन गाणी! रुचिताने मात्र माझ्यावर स्कीम नावाच्या, कंसांनी भरलेल्या संगणकीय भाषेत एक फंक्शन लिहायला घेतले. कमान किती लांब, सूर चढता की उतरता, शब्द कुठे, हे पाहून ते प्रत्येक कमानीला आपोआप आकार देणार होते.

"गाण्याला इतके कंस कशाला गं?" सर हसले. न कळलेल्या गोष्टीला ते नेहमीच हसत.

चार दिवस नुसत्या चुका झाल्या. कंस देऊन देऊन माझी ती कळ खिळखिळी झाली. पहिली कमान जमली तेव्हा मावशीने पडद्याकडे बघून विचारले, "ही शेवटाला खाली का पडते? माजा सूर चढत जातो, पडत नाय." नोटेशन वाचता न येणाऱ्या बाईने चूक धरली. रुचिताने एक उणे चिन्ह खोडले आणि छत्तीस गाण्यांच्या कमानी सावरल्या.

मग त्या गाण्यांचे पुस्तक छापायचे ठरले. त्यावर सरांनी नाव कोणाचे घातले? स्वतःचे.

छपाईच्या आदल्या दिवशी वर्गात बँडबरोबर तालीम होती. मावशी मध्येच थांबली. "माजा गला एवढा वर जात नाय. खाली घ्या, नायतर मी नाय गात."

"दोन मिनिटांत करतो," म्हणत सर माझ्यापुढे बसले आणि माउसने सूर आणि कमानी खाली ओढू लागले. माझ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच माउसने हलत नाही, सगळे लिहून करावे लागते, एवढेही त्यांना ठाऊक नव्हते. मग त्यांनी फंक्शन उघडले, एक कंस जास्तीचा वाटला म्हणून काढून टाकला, आणि गाणी उमटायचीच बंद झाली. सारा बँड बघत होता. सरांचा घाम माझ्या कळांवर टपकला. मला किळस आली.

"रुचिता, बघतेस का जरा?" त्यांचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सर, आधी मुखपृष्ठ. गाणी हंसा मावशीची, लेखन माझं."

दोन्ही नावे सरांनी स्वतःच्या हाताने टाइप केली. मग रुचिताने तो कंस परत दिला आणि पट्टी उतरवण्याची एक ओळ लिहिली. सगळ्या कमानी नव्या जागी नीट बसल्या. मावशी पुन्हा गायला उभी राहिली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण काम करणाऱ्याचे नाव पुसून तिथे आपले लिहू नका. तसे करणारा माणूस मी अगदी जवळून पाहिला आहे. जवळून तो फारच लहान दिसतो.