किरमाणी ओव्याची राखण

सासूबाईंची खालची पापणी ओढून ताईने आत पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. जिथे लालबुंद हवं, तिथे कागदासारखं पांढरं होतं. सासूबाई म्हणजे कळपातली सगळ्यात थोरली मेंढी. ताईच्या खऱ्या सासूबाई दुसरीकडे राहायच्या, ठणठणीत होत्या, आणि या नावाबद्दल त्यांच्या कानावर अजून कुणी काही घातलं नव्हतं.

"पोटात जंत मावेनासे झालेत," जनावरांची डॉक्टरीण म्हणाली. "दुकानातलं औषध देता ना?"

"दर खेपेला पाजते."

"मग जंतांना सवय झाली त्याची. आता ते औषध म्हणजे त्यांच्या जेवणातलं तोंडीलावणं."

तिने किरमाणी ओवा लावायला सांगितला. कडूजहर झुडूप, जंतांना अजिबात न मानवणारं. हिरवा पाला, रोज थोडा थोडा, सगळ्या कळपाच्या पोटात गेला पाहिजे. नाहीतर निम्मा कळप हातचा जाईल, आणि पहिला नंबर सासूबाईंचा.

सासूबाईंना ताईने आईवेगळं कोकरू असताना स्वयंपाकघरात बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. पुढचा सगळा कळप त्यांच्याच मागे चालायचा. त्या बसल्या की सगळ्या बसायच्या. त्या आडव्या झाल्या तर काय होईल, हे ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाला चाऱ्यात मिसळून पाहिला. मेंढ्यांनी पान न् पान निवडून गव्हाणीच्या एका कडेला रचून ठेवलं. मग काढा केला. ताईच्या नवऱ्याने सासूबाईंना गुडघ्यांत धरलं आणि बाटली तोंडात ओतली. सासूबाईंनी काढा गालात धरला, नवरा "शाब्बास" म्हणेपर्यंत वाट पाहिली, आणि सगळा त्याच्या तोंडावर परत केला. नवऱ्याला जंत असलेच तर ते त्या दिवशी गेले.

उपाय शेजारच्या नर्सबाईंनी सांगितला, म्हणजे भांडताना त्यांच्या तोंडून गेला.

"कुंपण तोडून आली तुमची मेंढी! कडू झेंडू मुळासकट खाल्ला! मी काठी घेऊन धावले तर पायपुसणंपण खाल्लं!"

ताईने लगेच एक पायपुसणं सासूबाईंपुढे टाकलं. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"कडूचं काही नाही हो," ताई नवऱ्याला म्हणाली. "त्यांना फुकट दिलेलं नकोय. चोरलेलं हवंय."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला कशाचंही नवल वाटायचं नाही. त्याने ओव्याच्या वाफ्याला कुंपण घातलं आणि फाटकाला मुद्दाम सैल कडी लावली. सासूबाई आल्या, कडीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. राखणीला कुणीच नाही हे बघून त्या खाली बसल्या. मागोमाग सगळा कळप बसला.

मग नवराच राखणीला उभा राहिला. पण मेंढीने आत यावं म्हणून तो इतका जोर लावून दुसरीकडे बघायचा, की सासूबाईंना संशय आला. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तो ओशाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"त्यांना नाटक कळतं," नवरा घरी येऊन म्हणाला. "खरा राखणदार पाहिजे. पण खरोखरच कुचकामी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ताईचा धाकटा भाऊ. त्याला सगळे निवांत म्हणायचे. लिफ्टमन असताना तो दिवसभर एकाच मजल्यावर सापडायचा. गोदामावर पहारेकरी होता, तेव्हा चोरांनी आधी त्याची खाट उचलून सावलीत नेऊन ठेवली होती, मग माल नेला. त्याची झोपमोड झाली नव्हती.

ताईने त्याला बोलावून घेतलं. खरं काय ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर त्यानेही झोपेचं सोंग घेतलं असतं, आणि सासूबाईंनी तेही ओळखलं असतं.

"या पाल्याला मेंढ्यांचं तोंड लागता कामा नये," ती म्हणाली. "सगळं तुझ्यावर आहे बघ."

निवांतचे डोळे भरून आले. "ताई, आजवर माझ्यावर कुणी काही सोपवलं नाही गं. लिफ्टसुद्धा शंभरदा विचार करून दिली होती."

"हं. खुर्ची ठेवलीय तिथे. उशीपण आहे."

"उशी कशाला?" निवांतने विचारलं आणि ती परत देऊन टाकली.

इथून सगळं बिघडलं. निवांत डोळ्यांत तेल घालून राखण करू लागला. सैल कडी काढून त्याने नवी बसवली. गळ्यात शिट्टी अडकवली. सासूबाई डावीकडून आल्या की हा डावीकडे हजर, उजवीकडून आल्या की उजवीकडे. आता तर तो पाला त्यांना हवाहवासा झाला होता. त्या कुंपणाबाहेर उभ्या राहून जिभल्या चाटायच्या. पण पोटात एक पान जाईना. आतला ओवा गुडघ्याएवढा वाढला आणि बाहेरच्या पापण्या आणखी पांढऱ्या होत गेल्या.

"सांगून टाक त्याला," नवरा म्हणाला.

"काय सांगू? कामचुकार आहेस म्हणून कामावर घेतलं, म्हणून?"

"मग त्याला काढून टाक."

"जन्मात पहिल्यांदा नीट काम करतोय हो तो!"

एका सकाळी सासूबाई उठताना धडपडल्या. पुढचे पाय दुमडले आणि त्या तोंडावर आपटल्या. ताईने त्यांना उठवलं, मग घरात जाऊन नवऱ्याची टोपी घातली, डोक्यावरून शाल लपेटून घेतली, आणि ती वाफ्याच्या मागल्या बाजूने कुंपणावर चढून आत उतरली. दोन्ही हातांनी पाला ओरबाडला, कवेत भरला आणि कुंपण ओलांडून पळत सुटली.

"चोर! चोर!" शिट्टी वाजली. निवांत कुंपणावरून उडी मारून मागे लागला. ताईच्या कवेतून पाला सांडत होता. सासूबाईंनी मान वर केली. समोर चोरीचा माल, मागे धावणारा खराखुरा राखणदार. इतकं सगळं जुळून आलेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. लटपटत का होईना, त्या पुढे झाल्या आणि पहिली फांदी उचलून पळाल्या. कळप त्यांच्यामागे तुटून पडला.

निवांत परत आला, तेव्हा ताई दारात धापा टाकत उभी होती.

"ताई, चोर होता! पोटाने जरा सुटलेला होता, तरी हातचा निसटला."

"सुटलेला कसला?" ताई म्हणाली. "शाल जाड असेल."

मग हे रोजचंच झालं. सकाळी चोर यायचा, शिट्टी वाजायची, मेंढ्या सांडलेलं लुटायच्या. ताईचे गुडघे सुजले. पण हळूहळू सासूबाईंच्या पापणीत गुलाबी छटा दिसू लागली. डॉक्टरीण येऊन लेंड्या तपासून गेली. "जंत उतरताहेत," ती म्हणाली. "सोडू मात्र नका. रोज पोटात गेलं पाहिजे."

दुसऱ्याच सकाळी कुंपणावरून उतरताना ताईची शाल अडकली. निवांतने तिला दंडाला धरलं. टोपी खाली पडली.

कळप थांबला. सासूबाई दोघांकडे बघत राहिल्या.

"तुझीच शाल आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," निवांत म्हणाला. "का ते कळायला वेळ लागला. मी झोपतो म्हणून ठेवलंस ना मला?"

ताईने मान खाली घातली. "हो रे."

"आणि मी जागा राहिलो."

"मेंढ्या मरायला टेकल्या होत्या. तुला सांगायला तोंड नव्हतं."

निवांतने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात काहीच नव्हतं. समोर पाला पडला होता, पण बहीण-भावांची नुसती बोलणी चालली होती, आणि त्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

"आता झोपायला मला जमायचं नाही," तो म्हणाला. "सवय मोडली. आणि खोटं खोटं पळलो तर ही बया ओळखेल."

"मग रे?"

त्याने टोपी उचलून ताईच्या डोक्यावर ठेवली आणि दंड सोडला.

"पळ. मी खरंच धरणार आहे. पाला नाही सांडलास तर तोही जप्त करीन."

"अरे, माझे गुडघे..."

निवांतने शिट्टी तोंडात धरली. ताईने पाला कवेत घट्ट धरला, पुन्हा जरा सैल केला, आणि पदर खोचून जीव तोडून पळत सुटली. सासूबाईंचे कान उभे राहिले.