डावीकडचा ब्रेक

टोकावड्याला चहा पिऊन रोकडे सर गाडीकडे आले, सवयीने डावं दार उघडलं, आणि बघतात तो सीटवर अमृता आधीच बसलेली. पट्टा लावून, मांडीवर पर्स घेऊन.

“पप्पा, त्या बाजूला,” ती म्हणाली आणि तिने चावी पुढे केली.

चांगदेव रोकडे कल्याणच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये एकतीस वर्षं शिकवत होते, आणि ती सगळी वर्षं त्यांनी डाव्या सीटवर काढली होती. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा उजवीकडे घाम गाळत स्टीअरिंगशी झटापट करतो आणि सर खिडकीत कोपर टेकवून, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखे बसतात. पाय मात्र ब्रेकच्या वर बोटभर अंतरावर जागा असतो. त्या पायाच्या भरवशावर चार हजारांहून जास्त माणसं गाडी शिकली होती. डॉक्टर शिकले, भाजीवाले शिकले, साठीतल्या आजी शिकल्या, आणि एकाचाही साधा खरचटण्याएवढा अपघात सरांनी होऊ दिला नाही.

पण त्या पायाला सुट्टी कशी ती ठाऊकच नव्हती. रिक्षात मागे बसले तरी तो खाली दाबला जायचा. एस.टी.त दाबला जायचा. त्यांची बायको शकूबाई सांगत की झोपेतही हे ब्रेक मारतात, आणि मारतात ते माझ्या पोटरीवर. आंबिवलीच्या त्यांच्या चाळीत हा विनोद इतका जुना झाला होता की आता त्यावर कुणी हसतही नसे.

तीस-पस्तीसच्या वर वेग नाही, तिसऱ्याच्या वर गिअर नाही, आणि स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात. स्वतः चालवायची वेळ आलीच तर ती संध्याकाळी स्कूलची गाडी गॅरेजला लावण्यापुरती. त्यामुळे अमृताने दिवाळीत गाडी घेतली आणि “पप्पा, चालवायला काय मजा येते” असं म्हणाली, तेव्हा सर खरोखर गोंधळले. गाडी सुखरूप नेता येते, चुकवता येते, पास होता येतं. तिच्यात मजा कसली?

गाडी होती कॉम्पॅक्ट एसयूव्ही. अमृता ठाण्यात बाळकुमच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती आणि तिथेच जवळ भाड्याने राहत होती. तिच्या लॅबमधला अनिमेष नावाचा मुलगा गाड्यांचा मोठा पंडित. त्याने म्हणे गाडीला प्रदक्षिणा घालून निकाल दिला होता की ही ना धड जीप, ना धड कार. लग्नात मिळालेल्या कपाटाला चाकं लावली की अशी दिसते. उंच गाडी वळणावर डुलणारच, हिच्यात मजा शोधू नये, फक्त सामान भरावं. अमृताने ते मनाला लावून घेतलं होतं. शकूबाईंनी मात्र गाडी दारात आली त्या दिवशी मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, डॅशबोर्डवर हाताच्या अंगठ्याएवढी बुद्धमूर्ती चिकटवली आणि चाकाखाली लिंबू ठेवायला धावलेल्या शेजारणीला लिंबू परत देऊन त्याचं सरबत कर म्हणून सांगितलं.

त्या दिवशी सगळे गाडीत बसले, एकटे सर बसले नाहीत. पाठीत चमक भरलीय म्हणाले. खरं कारण बारा वर्षांपूर्वीचं होतं. अमृता एकोणीस वर्षांची असताना सर तिला शिकवायला गांधारे पुलाकडच्या रस्त्यावर घेऊन गेले होते. परक्या माणसांशी शांतपणे वागणारा हा माणूस पोटच्या पोरीशेजारी बसला आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. कुत्रं दिसलं, ब्रेक. सायकल दिसली, ब्रेक. काहीच दिसलं नाही तरी ब्रेक. तिसऱ्या दिवशी अमृताने गाडी कडेला घेतली, तीही व्यवस्थित इंडिकेटर देऊन, आणि खाली उतरून ती चालत घरी गेली. पुढे नोकरी लागल्यावर ती ठाण्यात कुणाकडे तरी शिकली. पोस्टाने लायसन्स घरी आलं तेव्हा सरांनी ते कार्ड उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं. कोण शिकवतं तिथे, एवढंही त्यांनी विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरात पडला, हे शल्य मात्र त्यांनी जपून ठेवलं.

आणि आता त्यांच्याकडे जपून ठेवायला आणखी एक गोष्ट होती. तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, कडेचं हळूहळू पुसत जातं, आणि पुसलं गेलंय हे माणसाला कळत नाही. सरांचं डावीकडचं पुसलं गेलं होतं. गाडी बंद, डॉक्टर म्हणाले, शिकवणंही आणि चालवणंही. सरांनी स्कूलच्या मालकांना, महेंद्रशेठना, वय झालं म्हणून सांगितलं. शेठनी शाल दिली, फोटो काढला. घरीही वय झालं असंच सांगितलं. शकूबाईंना खरं सांगितलं तर त्या रडतील आणि अमृताला सांगितलं तर ती कीव करेल. कीव नको होती.

म्हणून आज रविवारी ती माळशेजला फिरवून आणते म्हणाली तेव्हा सर निघाले ते केवळ शेजारी बसायला. गोवेलीपासून मुरबाडपर्यंत त्यांचा पाय सात वेळा दाबला गेला. अमृताने सातही वेळा पाहिलं.

आता टोकावड्याच्या त्या टपरीसमोर चावी त्यांच्यापुढे होती. नको म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. शंका आली की ब्रेक, हे चार हजार माणसांना त्यांनी शिकवलं होतं. डॉक्टरांनी बंद सांगितलंय, हे त्यांना लख्ख आठवत होतं. पण उजवीकडची ती रिकामी सीट आणि समोर घाटाकडे चढत गेलेला कोरडा, डिसेंबरातला मोकळा रस्ता यांनी सरांवर मोहिनी घातली म्हणा किंवा त्यांची बुद्धी फिरली म्हणा. एकदाच, असं ते मनाशी म्हणाले. वाया गेलेली माणसंही पहिल्यांदा असंच म्हणतात.

पहिले दोन किलोमीटर त्यांनी चाळीसच्या वेगाने काढले.

“पप्पा, मागे एल बोर्ड नाही लावलेला,” अमृता म्हणाली.

सरांनी चौथा गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा जास्त खाली नेला. झोपाळ्यावर बसलेल्याला मागून कुणीतरी हलकेच ढकलावं तशी गाडी पुढे झाली. सर दचकले. मग त्यांनी पुन्हा करून पाहिलं. गाडीने पुन्हा तसंच केलं, न कुरकुरता, जणू ती कधीची कुणीतरी सांगायची वाट बघत होती.

मग घाट लागला. पहिल्या वळणाला अनिमेषचं कपाट आठवून सरांनी अंग आवळून घेतलं. आता डुलणार, आता आपण दारावर जाऊन आदळणार. गाडी थोडीशी कलली, रस्त्यावर टेकली आणि मग तशीच धरून वळली. स्टीअरिंगमधून खालचा रस्ता थेट त्यांच्या तळहातात येत होता; खडी कुठे आहे, डांबर कुठे गुळगुळीत आहे, सगळं कळत होतं. दुसऱ्या वळणाला त्यांनी आधी वेग कमी केला, गिअर उतरवला आणि वळणाच्या पोटातून हलकेच पाय दाबून गाडी बाहेर काढली. तिसऱ्याला तर गाडी वळवावी लागलीच नाही. त्यांनी जिकडे पाहिलं तिकडे ती गेली.

बाहेर वाळलेलं सोनेरी गवत उन्हात पेटल्यासारखं दिसत होतं, कडे सरळ आभाळात गेलेले होते, आणि एकसष्ट वर्षांचा हा माणूस त्या कड्यांच्या अंगाखांद्यावरून जात होता, स्वतःच्या हाताने. सरांना भरून आलं. एवढं मोठं सुख गाडीत असतं आणि ते आपल्यापासून फक्त एका हाताच्या अंतरावर, शेजारच्या सीटवर एकतीस वर्षं बसून होतं, याचं त्यांना अपार नवल वाटलं. ते मोठ्याने हसले. अमृताने चमकून पाहिलं. वडिलांना गाडीत हसताना तिने आजवर पाहिलं नव्हतं.

पुढचं वळण डावीकडचं होतं. सरांनी ते झोकात घेतलं, आणि तेवढ्यात कानावर आवाज आला. थप.

तो आवाज सरांइतका दुसऱ्या कुणालाच ओळखीचा नसेल. डाव्या सीटवरच्या माणसाचा पाय नसलेल्या ब्रेकवर पडल्याचा तो आवाज होता. अमृता ओरडली नव्हती, बोललीही नव्हती. तिचे दोन्ही हात पर्सवर घट्ट होते आणि पाय मॅटवर दाबलेला होता. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाही. त्यांनी आरशात पाहिलं. मागे, रस्त्याच्या डाव्या कडेला, डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई कड्याला चिकटून उभी होती. ती त्यांना दिसलीच नव्हती. ओझरतीही नाही.

पुढे गाड्या थांबायची रुंद जागा होती. सरांनी इंडिकेटर दिला, गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून ते मागे चालू लागले. अमृता त्यांच्यामागे आली. बाई तोवर सावकाश त्यांच्याकडेच येत होती. सरांनी हात जोडले आणि चुकलं म्हणाले, तुम्ही दिसला नाहीत म्हणाले.

बाईने मोळी एका हाताने सावरली आणि सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिच्या चेहऱ्यावर राग कमी आणि कुतूहल जास्त होतं.

“येवढी मोळी डोईवर, नि दिसली न्हाय?” ती म्हणाली. “डोल्यांना काय झालंय काय तुमच्या?”

सरांनी हात डाव्या डोळ्याशी नेला. “हो बाई,” ते म्हणाले. “या बाजूचं दिसत नाही मला.”

तीन आठवडे बायकोला, मुलीला, शेठला जे सांगता आलं नव्हतं ते घाटातल्या एका अनोळखी बाईला एका दमात सांगून झालं. बाईने मान हलवली, मंग पोरीला चालवू द्या की, असं म्हणाली आणि वाटेला लागली. तिला घरी जाऊन चूल पेटवायची होती.

अमृता कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिथून तिने कधीपासून म्हणून विचारलं. सरांनी सगळं सांगितलं, शाल आणि फोटोसकट. तिने आवाज चढू दिला नाही.

“आणि हे माहीत असून तुम्ही स्टीअरिंग घेतलंत. ती बाई गेली असती, पप्पा.”

“गेली असती,” सर म्हणाले. “असल्या माणसाला मी जन्मात पास केलं नसतं.” त्यांनी खिशातून चावी काढून तिच्या हातात ठेवली आणि तिची मूठ आपल्या हाताने बंद केली. “हे शेवटचं. लायसन्स आरटीओत जमा करून टाकू. तू सोबत ये.”

तिने डोळे पुसले. दोघं गाडीपर्यंत आले. दार उघडता उघडता ती थांबली.

“मजा आली का पण?”

सरांनी कड्यांकडे पाहिलं, मग त्या छोट्या, उंच, जराशा बोजड गाडीकडे पाहिलं. बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. ते अजून गरम होतं.

“लई आली,” ते म्हणाले. “चार हजार लोकांना शिकवलं मी, अमू. ब्रेक शिकवला, क्लच शिकवला, रिव्हर्स शिकवला. हे असं असतं, ते कुणालाच सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं.”

ती उजवीकडे बसली, ते डावीकडे. गाडी घाट उतरू लागली. येताना सरांनी तिचं चालवणं पाहिलंच नव्हतं, फक्त रस्त्यावरचे धोके मोजले होते. आता ते तिच्याकडे पाहू लागले. वळण यायच्या आधीच तिची नजर वळणाच्या पलीकडे पोचलेली असायची, खांदे सैल, हात शांत, आणि गाडी पाण्यासारखी खाली उतरत होती. सरांनी जेवढं चांगलं चालवलं त्याहून ती चांगलं चालवत होती. ते पाहताना त्यांना मघाच्या त्या कड्यांकडे पाहताना वाटलं तसंच वाटलं, आपण फार लहान आहोत आणि ते बरंच आहे, असं.

“बॉनेटकडे बघत नाहीस,” ते म्हणाले. “लांब बघतेस. ठाण्याच्या मास्तरने चांगलं शिकवलंय.”

“त्यांनी नाही,” ती रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली. “जायचंय तिकडे बघ, असं तुम्ही सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी. ब्रेक मारता मारता.”

पुढे वळण दिसत होतं आणि वळणापलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. सरांनी आपला पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं. मग वाकून पायातल्या चपला काढल्या, त्या मॅटवर एकीला एक लावून ठेवल्या, आणि घरी जेवायला बसतात तसे दोन्ही पाय वर घेऊन ते सीटवर मांडी घालून बसले. अमृताने एकदा त्या रिकाम्या चपलांकडे पाहिलं, आणि गिअर उतरवला.